पाठचं भावंड

४ जुलै २०२५, शुक्रवार

सकाळपासून झड लागली आहे. दहाला वीज गेली, अकराला आली, तेवढ्यात चहा झाला.

सरांच्या वहीचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. निवृत्तीनंतर गेली वीस वर्षं सर गावोगाव हिंडून शेतीचे, अवजारांचे, भांड्याकुंड्यांचे शब्द वहीत लिहून ठेवतात. आमच्या दहावीच्या वर्गाने ठरवलं की त्याचं वेबपान करायचं आणि गुरुपौर्णिमेला सरांना दाखवायचं. म्हणजे येत्या गुरुवारी. चौघांनी टायपिंग वाटून घेतलं, ४१२ शब्द झाले, आणि 'तू कॉम्प्युटरवाली' म्हणून फाइल माझ्याकडे आली.

पान साधं आहे. शब्द दिसतील, अर्थ झाकलेले राहतील. शब्दावर बोट टेकलं की त्याचा अर्थ उघडेल आणि आधी उघडलेला मिटेल. टायपिंग करणाऱ्यांना मीच नमुना दिला होता: शब्द डीटी या टॅगमध्ये, अर्थ डीडीमध्ये, आणि हे सगळं डीएल या एकाच यादीच्या पोटात. एचटीएमएलमध्ये शब्दार्थांसाठी हीच जुनी सोय आहे. तिच्यात एक गंमत आहे. आपल्याला वाटतं अर्थ शब्दाच्या पोटात असेल. तसा नसतो. शब्द आणि अर्थ दोघेही डीएलचीच मुलं, एका रांगेत उभी. पहिल्या शब्दाचा अर्थ आणि चारशेबाराव्या शब्दाचा अर्थ हीसुद्धा सख्खी भावंडंच.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी म्हणाली, "ताई, मग सोपंय. शब्दाचं नेक्स्टसिब्लिंग घ्यायचं." तिने चार शब्दांचं चाचणीपान केलं. चाललं. तोच कोड सरांच्या फाइलवर लावला तर काहीच उघडेना.

तिच्या पानावर चालतं आणि खऱ्या पानावर नाही, यात दुपार गेली. कन्सोलवर पाहिलं तर शब्दाच्या शेजारी अर्थ नव्हताच, 'टेक्स्ट' नावाचं काहीतरी होतं. आत एक नवी ओळ आणि चार रिकाम्या जागा. टायपिंग करणाऱ्याने डीटी बंद करून एंटर मारला, पुढची ओळ थोडी आत सरकवली, तेवढीच ती पोकळी. पण ब्राउझरच्या लेखी ती एक गाठ आहे, नोड. तिचा प्रकार ३. टॅगचा प्रकार १, टिप्पणीचा ८. नेक्स्टसिब्लिंग प्रकार विचारत नाही, शेजारी जे असेल ते देतं.

मग हिच्या पानावर का चाललं? कारण आळस. तिने डीटी बंद करणारा टॅग लिहिलाच नव्हता. एचटीएमएलला तो वगळलेला चालतो. डीडी आला की डीटी आपोआप संपला असं धरतात. त्यामुळे तिची नवी ओळ शब्दाच्या पोटातच राहिली, आणि शब्दाला लागून थेट अर्थ आला. नेटकं लिहिणाऱ्याचा कोड अडला, गबाळं लिहिणाऱ्याचा चालला. ती दिवसभर खूश होती.

५ जुलै, शनिवार

नेक्स्टएलिमेंटसिब्लिंग लिहिलं आणि पोकळ्या मधून गेल्या.

ही दोन नावं का, ते तिला सांगत बसले. नेक्स्टसिब्लिंग १९९८ च्या पहिल्या डॉम प्रमाणकापासून आहे. एलिमेंटवालं प्रमाणक २००८ च्या डिसेंबरमधलं. मधल्या दहा वर्षांत प्रत्येकजण आपापला फेरा लिहायचा: पुढचा नोड घे, प्रकार १ नसेल तर अजून पुढचा घे. त्यात इंटरनेट एक्सप्लोरर आठव्या आवृत्तीपर्यंत कोऱ्या जागांचे नोड धरतच नसे आणि फायरफॉक्स धरत असे, म्हणून एकच यादी दोन ब्राउझरांत वेगळ्या लांबीची भरायची. २००६ मध्ये जॉन रेसिगने जेक्वेरी काढली तेव्हा नेक्स्ट, सिब्लिंग्ज असे शब्द हाताशी आले आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. आमच्या पिढीतल्या अनेकांना ती जावास्क्रिप्टच वाटायची.

तिचा प्रश्न वेगळाच निघाला. "सिब्लिंगला मराठीत काय म्हणायचं?" भावंड. नपुंसकलिंगी, मुलगा-मुलगी न सांगणारा, चांगला शब्द. "आणि नेक्स्टसिब्लिंगला?" मी भाषांतर शोधायला लागले आणि लक्षात आलं की ते आपण रोज बोलतो. पाठचं भावंड. माझ्या पाठचा भाऊ. इंग्रजीत भावाला क्रम नसतो, धाकटा-थोरला वेगळा सांगावा लागतो. आपल्याकडे 'पाठचा' म्हटलं की माझ्यानंतर लगेच जन्मलेला, मधे कोणी नाही. हुबेहूब. प्रीव्हियसला तसा घट्ट शब्द सापडला नाही. 'माझ्या वरची बहीण' म्हणतात, पण त्यात लगेच वरचीच असा हट्ट नसतो. शेंडेफळ म्हणजे लास्टएलिमेंटचाइल्ड. इथे ती हसायला लागली आणि शिकवणी संपली.

सगळी भावंडं हवी असतील तर जावास्क्रिप्टमध्ये त्याला तयार नाव नाही, हे तिला खरं वाटेना. आईबापाकडे जायचं, त्यांची सगळी मुलं मागायची, आणि त्यातून स्वतःला वगळायचं. भावंडांत स्वतःला मोजायचं नाही. जेक्वेरीचं सिब्लिंग्जही मोजत नाही. तिने वगळण्याची अट विसरून कोड लिहिला, त्यामुळे क्लिक केलेला शब्दही 'इतरांबरोबर' मिटत होता. उघडून लगेच मिटायचा, इतक्या लवकर की दिसायचंच नाही.

६ जुलै, रविवार

एकादशी. साबुदाणा चिकट झाला. संगणक उघडला नाही.

संध्याकाळी आईला फोन. शेजारी कोणी पाहुणी बसली होती, तिला आई सांगत होती, "मला चार." आम्ही तिघं आहोत. आई नेहमी चारच सांगते.

७ जुलै, सोमवार

आज खरं काम. पाठचा एक घेऊन भागत नाही, कारण सरांच्या वहीत एका शब्दाला अनेक अर्थ आहेत. 'पाट' हा शब्द घ्या. शेतात पाणी नेणारा पाट, जेवायला बसायचा पाट, आणि पुनर्विवाहाचा पाट. एक डीटी, तीन डीडी. 'खळं' म्हणजे मळणीची जागा आणि चंद्राभोवतीचं कडंही. म्हणून शब्दापासून निघून पाठचा, पाठचा, पाठचा असं जात राहायचं आणि दुसरा शब्द दिसला की थांबायचं. जेक्वेरीत याला नेक्स्टअनटिल म्हणतात. साध्या जावास्क्रिप्टमध्ये सहा ओळींचा फेरा. लिहिला, पाट उघडला, तीनही अर्थ आले. स्वतःवरच खूश होऊन चहा टाकला.

परत येऊन 'इसाड' दाबलं. काही नाही. कन्सोलवर चूकही नाही. ढिम्म.

सर एका अर्थाखाली दोन शब्द लिहितात. इसाड आणि त्याच्या खाली हळस: नांगराची लांब दांडी, कोकणात एक नाव आणि घाटावर दुसरं. म्हणजे डीटी, डीटी, डीडी. इसाडपासून निघालं की पहिलंच पाठचं भावंड दुसरा शब्द; माझा नियम म्हणतो शब्द दिसला की थांब; थांबला. कोडने मी सांगितलं तेच केलं. आता आधी लागोपाठचे शब्द ओलांडायचे, मग अर्थ गोळा करायचे, मग पुढच्या शब्दाला थांबायचं. चार ओळी वाढल्या. आणि 'हळस' दाबलं तर इसाडही उघडलेलं दिसायला हवं, म्हणून मागेही जायचं. अजून चार. सहा ओळींच्या चौदा झाल्या तेव्हा मला हे लक्षण बरं वाटेना.

भरीत भर, डीटीवर नुसता क्लिक लावला तर कीबोर्डने तिथे पोचता येत नाही, म्हणून शब्द बटणात घातला. घातला मात्र, सगळं बंद. क्लिक आता बटणावर येतो, आणि बटणाला पाठचं कोणी नाही. ते डीटीच्या पोटातलं एकुलतं एक. उत्तर आलं नल. हे मी दहा वर्षांत किती वेळा केलं असेल! आधी क्लोजेस्ट वापरून डीटीपर्यंत वर चढायचं आणि मगच शेजारी पाहायचं. नाती विचारण्याआधी आपण कोणत्या पिढीत उभे आहोत ते बघावं लागतं.

पाऊस थांबलेला नाही. भिंतीला ओल आली आहे.

८ जुलै, मंगळवार

शिकाऊ मुलीचं म्हणणं: हे सगळं सीएसएसमध्ये होईल, जावास्क्रिप्ट कशाला? तिच्या पिढीचा हा बाणा मला आवडतो, म्हणून सकाळ तिला दिली.

सीएसएसमध्ये भावंडांची दोन चिन्हं आहेत. अधिकचं चिन्ह म्हणजे लगेच पाठचं. ते १९९८ च्या सीएसएस २ पासून आहे. आणि ~ हे नागमोडी चिन्ह म्हणजे पाठची सगळी. तिने उघडलेल्या शब्दापुढे + लावलं, तर पाटाचा फक्त पाण्याचा अर्थ आला. ~ लावलं तर पाटापासून यादीच्या तळापर्यंत सगळे अर्थ धबधब्यासारखे उघडले. एकाला एकच दिसतो, दुसऱ्याला थांबणं ठाऊक नाही. मग तिने 'नॉट' घालून एक लांबलचक निवडक रचला: उघडलेल्या शब्दामागून येणारे अर्थ, पण मधे दुसरा शब्द लागला असेल ते सोडून. एक शब्द उघडा असताना चालला. दोन उघडे ठेवले की खालच्याचा अर्थ गायब, कारण वरच्याच्या नजरेने पाहिलं तर मधे शब्द लागलेलाच असतो. तिला हे कागदावर रांग काढून पटवावं लागलं. मलाही काढल्यावरच नीट पटलं.

पण एक गोष्ट तिच्या हट्टामुळे साधली. इसाड आणि हळस एका ओळीत, मधे स्वल्पविराम, असं सरांना हवं होतं. म्हणजे ज्या शब्दाच्या पाठचा लगेच शब्दच आहे, त्या वरच्या शब्दाला स्वल्पविराम. सीएसएसला वर्षानुवर्षं मागे वळून पाहता येत नव्हतं; दोन्ही चिन्हं पुढेच बघतात. 'हॅज' आल्यावर ते जमलं: डीटी, ज्याच्या लगेच पाठी डीटी आहे, तो. सफारीत २०२२ च्या मार्चमध्ये, क्रोममध्ये त्याच वर्षी ऑगस्टला, फायरफॉक्समध्ये २०२३ च्या डिसेंबरात. एका ओळीचा नियम. जावास्क्रिप्टमध्ये यासाठी मी नक्कीच फेरा लिहिला असता.

डिटेल्स टॅग वापरून बघू, असंही ती म्हणाली. डिटेल्सला एकच नेम दिलं की एक उघडताच दुसरं मिटतं, ब्राउझरच सांभाळतो. फायरफॉक्सने गेल्या सप्टेंबरात घेतल्यापासून ते सगळीकडे चालतं. भावंडांना मिटवायचा माझा कोड त्यापुढे फुकट आहे, हे मान्य. पण डीएलच्या थेट पोटात डिटेल्स घालायला परवानगी नाही. आणि ४१२ शब्द पुन्हा कोण टाइप करणार?

हे लिहिलं आणि आता हसू आलं. पुन्हा टाइप कशाला करायचं? यंत्राला सांगता येईल.

९ जुलै, बुधवार

डीएलच्या पोटात डिटेल्स चालत नाही, पण डिव्ह चालतो. शब्द किंवा लागोपाठचे शब्द आणि त्यांचे अर्थ, एवढा गट एका डिव्हमध्ये. प्रत्येक कुटुंबाला आपली खोली. म्हणजे पाठचा, पाठचा करत रांगेत हिंडायलाच नको. शब्दावरून क्लोजेस्टने खोलीच्या दारापर्यंत जायचं आणि आतले सगळे डीडी मागायचे. चौदा ओळींच्या जागी दोन. इतके दिवस नातं जागेवरून ओळखत होते, ते आता घरावरून ओळखायचं. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. टायपिंगचा नमुना मीच दिला होता, त्यामुळे कोणाला बोल लावायची सोय नाही.

गट करायचा कोड लिहिला: जुन्या यादीची मुलं एकेक मोजत जायचं आणि नव्या यादीत हलवायचं. चालवला. नव्या यादीत नुसते शब्द, जुन्यात नुसते अर्थ! 'पाट'पाशी तर पाटाबरोबर फक्त बसायचा पाट गेला, पाणी आणि पुनर्विवाह मागे राहिले. आणि 'खळं' आल्यावर सगळं उलटं: तिथून पुढे अर्थ नव्या घरी, शब्द जुन्या घरी.

शिकाऊ मुलगी घाबरली. मला मात्र हा घोळ फार आवडतो, कारण तो इतका नियमाने होतो. चिल्ड्रन ही यादी जिवंत असते. पहिलं मूल उचललं की बाकीची सगळी एकेक पायरी पुढे सरकतात, आपला आकडा मात्र एकने वाढलेला असतो. म्हणून दरवेळी एक जण सुटतो. शब्द-अर्थ-शब्द-अर्थ असं असेल तर प्रत्येक अर्थ सुटतो. तीन अर्थ असतील तर पहिला आणि तिसरा सुटतो, मधला जातो. दोन अर्थ असतील तर ताल चुकतो आणि पुढे अर्थांची पाळी येते. कागदावर तिच्याकडून रांग काढून घेतली. पाटापर्यंत ती स्वतःच पोचली, खळ्यापाशी ओरडली, "अय्या, उलटं झालं!" बसची रांग पुढे सरकत असताना तीतली माणसं बाहेरून मोजावी, तसं हे. उपाय: आधी ॲरे-फ्रॉमने रांगेचा फोटो काढायचा आणि फोटोवरून मोजायचं. क्वेरीसिलेक्टरऑल असाच फोटो देतं, म्हणून ते वापरणाऱ्यांना हा घोळ कधी भेटत नाही.

संध्याकाळी सरांच्या सुनेला फोनवर पान दाखवायला सांगितलं. गुपित तसंही फुटलंच होतं. सरांनी दहा मिनिटं पाहिलं आणि फोन घेतला.

"अगं, हे एक उघडलं की दुसरं मिटतंय."

"हो सर, मुद्दाम केलंय. गर्दी होऊ नये म्हणून."

"मग मी ताडून कसं बघू? इसाड आणि रुमणं शेजारी ठेवूनच समजतात."

सगळी भावंडं गोळा करा, त्यातून स्वतःला वगळा, उरलेली मिटवा: शनिवारपासून जिच्यावर एवढं खपलो ती ओळ पुसून टाकली. मुलीचं तोंड उतरलं. मी म्हटलं, कोड पुसायचे पैसे मिळत नाहीत, पण सवय लावून घे.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. शाळेच्या जुन्या हॉलमध्ये पंचवीसेक जण. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की भाषणं कोणालाच ऐकू आली नाहीत, ते बरंच झालं. पडद्यावर पान लावलं. एकेकाने आपल्या घरचा शब्द सांगायचा आणि मी उघडून दाखवायचा. इसाड, हळस, स्वल्पविरामासकट. पाट उघडल्यावर तिसऱ्या अर्थावर मागच्या बाकावर कुजबुज झाली आणि सरांनी नेहमीच्या आवाजात "शांत" म्हटलं. सगळे खरोखरच शांत झाले. पन्नाशीची माणसं!

मग सरांनी 'इरलं' उघडायला सांगितलं. उघडलं. दोन अर्थ आले.

एक: पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं बांबूचं आणि पानांचं आच्छादन.

दोन: शेणाने सारवलेली, बांबूची विणलेली, धान्य साठवायची मोठी टोपली.

सरांनी चष्मा वर केला. "इरल्यात भात साठवायला कधी लागलात?"

हॉल हसला. मी यादीत 'कणगी' शोधली, नव्हतीच. सरांच्या वहीत बांबूच्या वस्तू एका पानावर आहेत, इरल्याच्या खाली कणगी. टायपिंग करताना कणगी हा शब्दच लिहायचा राहिला आणि तिचा अर्थ तेवढा उरला. माझा कोड खोल्या वाटत आला तेव्हा त्याला हा पोरका अर्थ दिसला. शब्दाला दोन-तीन अर्थ असू शकतात हे त्याला मीच शिकवलं होतं, त्याने तो गुमान वरच्या घरात नेऊन बसवला. चूक दाखवणार तरी कशी? रांगेवरून वंश ठरवायचा तर मधला माणूस गळालेला कळतच नाही.

ज्याने ते पान टाइप केलं तो समोरच बसला होता. त्याने हात वर करून कबूल केलं. सर म्हणाले, "बस खाली," आणि तो बसला.

११ जुलै, शुक्रवार

दोन किंवा जास्त अर्थ असलेले सगळे शब्द काढून यादी केली, सदतीस निघाले. सरांना फोनवर एकेक वाचून दाखवला. चौतीस बरोबर. इरल्याशिवाय आणखी दोन ठिकाणी असेच दत्तक गेलेले अर्थ सापडले. तिथले हरवलेले शब्द सरांना लगेच आठवले नाहीत, वही बघून संध्याकाळी कळवतो म्हणाले.

कणगी आपल्या खोलीत गेली. शिकाऊ मुलीने विचारलं की आता एकूण ४१३ धरायचे का. संध्याकाळी सरांचा फोन येईपर्यंत थांबू म्हटलं.